१४२८५७ : तलावपाळीला फेरी मारणारी संख्या

नमस्कार मंडळी, मी ठाण्यातून बोलतेय. नौपाड्यात शाळेतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि आज तुम्हाला एकच संख्या दाखवायचीय, एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. कागद-पेन असेल तर घ्या जवळ. १४२८५७.

परवा सहावीतली एक मुलगी एकाला सातने भागत बसली होती आणि वैतागली, म्हणे ताई हा भागाकार संपतच नाहीये. म्हटलं थांबू नकोस, फक्त बाकी काय उरते ती बाजूला लिहीत जा. दहाला भाग १, बाकी ३. तीसला ४, बाकी २. वीसला २, बाकी ६. साठला ८, बाकी ४. चाळीसला ५, बाकी ५. पन्नासला ७ आणि बाकी १. परत एक! निघालो तिथेच आलो, म्हणजे आता पुढे सगळं तेच येणार. आणि भाग आले १, ४, २, ८, ५, ७, म्हणजे आपली तीच संख्या. सातने भागून बाकी उरली तर ती एक ते सहाच असणार ना, आणि इथे सहाच्या सहा येऊन गेल्या.

आता हिला गुणा. दोनने २८५७१४, तीनने ४२८५७१, चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५, सहाने ८५७१४२. आकडे तेच, क्रम तोच, सुरुवात तेवढी वेगळी. ही आपली तलावपाळीच आहे बघा, गडकरी रंगायतनपासून चालायला लागा नाहीतर कौपिनेश्वराच्या बाजूने, मासुंदा तलावाची फेरी तीच. तीन सप्तमांश काढायचे तर बाकी ३ होती तिथून निघायचं, तिच्यापुढे ४ लिहिला होता म्हणून उत्तर ४ पासून सुरू होतं. आणि सातने गुणलंत तर सरळ ९९९९९९.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडतं. हिचा वर्ग येतो २०४०८१२२४४९. तो तोडा, २०४०८ आणि १२२४४९. करा बेरीज. १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आपल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या नावाने. जन्म १९०५ चा, डहाणूचा, शाळा ठाण्यात, नंतर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. बहुतेकांना त्यांचं ६१७४ माहीत असतं (चार आकडी संख्येचे आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येते ती संख्या, सगळे आकडे सारखे नसले तर), पण याच ठाण्यात शिकलेल्या मुलाचं नाव जगभर गणितात घेतलं जातं हे माझ्या मुलांना मी दरवर्षी सांगते, आणि सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

त्या मुलीने काल सतराने भागायला घेतलं. एकामागून एक सोळा आकडे, ०५८८२३५२९४११७६४७, आणि मग परत शून्य. वही आडवी धरून लिहीत होती, घरून न्यायला आले तरी उठेना.