सोललेलं संत्रंही तरंगलं तेव्हा

नागपूरच्या एका शाळेची प्रयोगशाळा. आठवीचा वर्ग. बादलीत पाणी, आणि सकाळीच बाजारातून आणलेली आंबिया बहाराची संत्री. सैल सालीची, देठाशी फुगलेली.

‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान.’ हे सगळ्यांचं पाठ आहे. झोपेतून उठवून विचारा.

पहिलं संत्रं सालीसकट सोडलं. तरंगलं. यात काय विशेष, असे चेहरे. आता सोलायचं. साल काढली की संत्रं हलकं होणार, मग ते आणखी वर यायला हवं ना? अर्ध्या वर्गानं हात वर केले. बाई हसल्या. त्यांना उत्तर माहीत होतं: सालीत आणि सालीखाली हवा असते, ती गेली की संत्रं बुडतं.

(थोडा वेळ फक्त वर्गाचा आवाज)

‘मॅडम, हे त तरंगूनच राह्यलं!’

बाईंचा हा चेहरा आम्ही या फिल्ममधून कापलेला नाही. त्यांनीच ठेवा म्हटलं.

मग त्यांनी संत्र्यात अंगठा घालून दोन भाग केले. मधोमध पोकळी. नागपुरी संत्रं पिकलं की गाभ्याशी पोकळ होतं, आणि हवा तिथेही बसलेली असते. फोडी सुट्या करून पाण्यात सोडल्या. एकेक करत तळाला गेल्या. एक फोड तेवढी अडून राहिली, पोटाला बुडबुडा धरून. एका मुलीनं तिला टिचकी मारली.

पुस्तकाप्रमाणे संत्रं पहिल्याच फटक्यात बुडालं असतं, तर ती पोकळी कुणी पाहिली असती?

आता हा काळा खडा. एका मुलाच्या मामानं मनसरच्या खाणीतून दिलेलं मॅंगनीजचं खनिज. हातात घेतला की बोटं काळी होतात. शेजारी रस्त्याकडेची गिट्टी, म्हणजे सीताबर्डीची टेकडी ज्या दगडाची आहे तोच बेसॉल्ट. दोन्ही लिंबाएवढे. तळहातावर धरले की एक हात आपोआप खाली जातो.

गिट्टी काट्यावर 145 ग्रॅम. दोरा बांधून मोजपात्रात उतरवली, पाणी 100 मिलीवरून 150 वर गेलं. 145 भागिले 50, म्हणजे घनता 2.9, ग्रॅम दर मिलीला.

खडा 176 ग्रॅम. पहिल्या गटाचं उत्तर आलं 7. म्हणजे मामाच्या खाणीत जवळजवळ लोखंडच निघालं! दोरा न बांधता खडा टाकला होता. पाणी उसळून बाकावर आलं, ते अजून गळतंय. बाईंनी चूक सांगितली नाही. ‘बाक ओला कशानं झाला?’ एवढंच विचारलं.

पुन्हा. या वेळी दोरा. डोळा पाण्याच्या रेषेत. पाणी 100 वरून 142.

(मोजपात्र जवळून)

आणि हे आमचं सगळ्यात आवडतं दृश्य. उंच ग्लासात खाली ग्लिसरीन, 1.26. त्यावर निळं पाणी, चमच्याच्या पाठीवरून ओतलेलं, 1. वर खायचं तेल, 0.92. त्यात बर्फाचा खडा सोडलाय. बर्फाचीही घनता साधारण तेवढीच, त्यामुळे तो तेलात जेमतेम डोकं वर काढून आहे. वितळलेला थेंब मात्र पाण्याचा. तो तेलातून गोल, संथ खाली येतो, आणि निळ्याच्या काठावर क्षणभर थांबतो.

(निवेदन नाही. तीन थेंब)

ही खोली आठवड्यातून एकदा उघडते. मोजपात्रं दोनच आहेत.

तास संपला. संत्र्याच्या बुडालेल्या फोडीही उरल्या नाहीत. खडा उद्या मनसरला मामाकडे परत जाणार आहे. त्यावर खडूनं लिहिलंय: 4.2.