आधी टूलरूम, मग ट्रक : सुमंत मूळगावकर

मंडळी, पिंपरी-चिंचवडला जुनी माणसं अजून टाटा मोटर्स म्हणत नाहीत, टेल्कोच म्हणतात. ती पुण्याची टेल्को उभी केली सुमंत मूळगावकरांनी, आणि मला आज त्यांच्या एकाच गोष्टीवर बोलायचंय. पुण्याचं काम सुरू झालं १९६६ ला, आणि इथून पहिली गाडी बाहेर पडली १९७७ ला. मग मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? तर मशीन बनवणं, डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे बनवणं आणि पोरं शिकवून तयार करणं.

हे डोक्यात आलं कुठून ते बघा. जन्म १९०६ चा मुंबईचा, शिक्षण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात, पुढे एसीसी या सिमेंट कंपनीत काम. सिमेंटच्या कारखान्याची मशिनरी परदेशातून यायची, ती त्यांनी इथं बनवून दाखवली. १९४९ ला ते टेल्कोत आले, तेव्हा टेल्को म्हणजे जमशेदपूरची रेल्वे इंजिनांची कंपनी. १९५४ ला मर्सिडीजवाल्या जर्मन डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला, ट्रक निघाले, वर मर्सिडीजचा तारा. पण करार १९६९ ला संपणार हे ठरलेलंच होतं, आणि तारा उतरल्यावर पुढचं मॉडेल काढायचं कुणी आणि कशावर, हा प्रश्न त्यांनी आधीच धरला होता. म्हणून पुण्यात पहिलं काय, तर मशीन टूल डिव्हिजन, म्हणजे गाडीचे भाग बनवणारी मशीनं बनवायचा विभाग.

आता टूलरूम, म्हणजे हे डाय बनतात ती जागा, ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. केबिनच्या दरवाजाचा पत्रा प्रेसखाली दाबतात त्या डायचे दोन भाग असतात, ते एकमेकांवर नीट बसतात का बघायला एका भागाला निळा रंग लावायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, निळं जिथं उमटलं तिथं धातू उंच आहे, तेवढंच घासायचं, परत रंग, परत टेकवायचं, असं दिवसचे दिवस चालतं आणि फिटरचा हात बसायला तर वर्षं जातात. हा हात विकत मिळत नाही हो, आणि मूळगावकरांनी पैसा आणि वेळ घातला तो या हातावर. पुण्याच्या कारखान्याच्या माळरानावर त्यांनी झाडं लावून घेतली, तळं केलं, पक्षी यायला लागले, तो वेगळा विषय आहे पण माणूस एकच.

ऐंशीच्या दशकात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान अशा चार जपानी कंपन्या भारतीय पार्टनर घेऊन छोटे ट्रक विकायला उतरल्या, आणि टेल्कोचं आता अवघड आहे असं बरेच जण म्हणत होते. टेल्कोनं कुणाशी करार न करता १९८६ ला स्वतःचा छोटा ट्रक, ४०७, आणला. मूळगावकर तेव्हा ऐंशीचे होते, आणि अजून चेअरमन होते. ४०७ आजही विकली जाते.