थ्रेड सुरू करणं सोपं, थांबवणं अवघड

मित्रहो, विश्रामबागेत इंजिनिअरिंगच्या मुलांसमोर थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर, बोलायचं, तर निम्मं तुम्हाला येतंच असं धरून चालतो. 'थ्रेडचे जीवनचक्र आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न आला की चौकोन काढायचे, बाण काढायचे, मार्क घ्यायचे. त्या आकृतीत शेवटच्या चौकोनाकडे, 'टर्मिनेटेड'कडे (म्हणजे थ्रेड संपला), एक बाण जातो. आज मी त्या एका बाणावर बोलणार आहे. भाषा जावा धरू, कारण या बाबतीत तिने केलेली चूक आणि नंतरची दुरुस्ती दोन्ही उघड दिसतात.

सांगलीत बसलोय, तर उदाहरण हळदीचंच घेऊ. मार्केट यार्डातल्या एखाद्या व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर आहे. गोदाम हा क्लास, त्यात शिल्लक पोत्यांचा आकडा. 'हलवा' ही मेथड एका गोदामातून २०० पोती वजा करते आणि दुसऱ्यात जमा करते. मेथड सिंक्रोनाइज्ड आहे, म्हणजे लॉक घेतल्याशिवाय दुसरा कोणी आत शिरत नाही. चोख काम. आता वजाबाकी झाली, जमा व्हायची आहे, आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने याच्यावर स्टॉप मेथड चालवली.

ही मेथड जावात पहिल्यापासून होती. ती थ्रेड जिथे असेल तिथेच त्याच्यात 'थ्रेडडेथ' नावाची एरर फेकायची. एरर वर चढत जाताना थ्रेडने धरलेली सगळी लॉक सुटायची. म्हणजे बघा, दार उघडलं, पण आतला हिशेब अर्धवट. पुढचा थ्रेड लॉक घेऊन आत येतो आणि चुकीचा आकडा खरा मानून कामाला लागतो. २०० पोती कागदावरून गायब, आणि लॉगमध्ये अवाक्षर नाही, कारण थ्रेडडेथ कोणी पकडली नाही तर थ्रेड गुपचूप मरतो. ऑब्जेक्टची अवस्था फक्त त्याच्या मेथडींनी सांभाळायची, हे आपण पहिल्या सेमिस्टरला घोकतो. स्टॉप त्या मेथडीच्या पोटातच घुसत होती.

सस्पेंड या दुसऱ्या मेथडची तऱ्हा उलटी. ती थ्रेडला गोठवायची, पण लॉक त्याच्याकडेच ठेवायची. रिझ्यूम, म्हणजे पुन्हा चालू, करणाऱ्यालाच आधी ते लॉक हवं असेल, तर दोघेही बसले एकमेकांची वाट बघत. १९९८ साली जेडीके १.२ या जावाच्या आवृत्तीमध्ये या मेथडी वापरू नका म्हणून जाहीर झालं. तरी २०२३ मध्ये जावा २० येईपर्यंत स्टॉप चालतच होती. त्यात ती नुसतं एक्सेप्शन (चुकीचा इशारा) फेकू लागली. जवळपास पंचवीस वर्षं! जुना कोड मोडू नये म्हणून जावावाले किती सांभाळून घेतात, ते यावरून कळेल.

मग थांबवायचं कसं? सांगून. इंटरप्ट ही मेथड थ्रेडला मारत नाही, त्याचा एक फ्लॅग, म्हणजे 'थांब' अशी खूण, वर करते. थ्रेडने कामाच्या मधल्या सुरक्षित जागी तो बघावा आणि आवराआवर करून स्वतः बाहेर पडावं. थ्रेड स्लीप किंवा वेटमध्ये असेल तर 'इंटरप्टेडएक्सेप्शन' येतं, आणि ते येताना फ्लॅग पुन्हा खाली जातो. घात इथे होतो. एडिटर ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारा कोड) स्वतःच टाकून देतो, आपण कॅचमध्ये स्टॅकट्रेस (एक्सेप्शन कुठून आलं त्याचा माग) छापतो आणि पुढे जातो. बाहेर न संपणारा व्हाइल लूप असतो. फ्लॅग खाली, लूप चालू, निरोप हवेत. सर्व्हर बंद होता होत नाही, आणि शेवटी कोणीतरी वैतागून 'किल मायनस नऊ', म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारी कमांड, मारतो. कॅचमध्ये एकतर बाहेर पडा, नाहीतर चालू थ्रेडवर पुन्हा इंटरप्ट चालवून फ्लॅग वर करा, म्हणजे वरच्या कोडला कळेल.

प्रत्येक कामाला नवा थ्रेड, ही सवयही सोडा. ट्रक लागला की यार्डात कोणी नवे हमाल शोधत फिरत नाही, टोळी ठरलेली असते. २००४ मध्ये जावा ५ बरोबर डग ली यांच्या पुढाकाराने आलेली एक्झिक्युटरची मांडणी हेच करते: ठरलेल्या थ्रेडच्या टोळीला, म्हणजे पूलला, कामं वाटते. फक्त एक बघा: 'न्यूफिक्स्डथ्रेडपूल'मध्ये थ्रेड मोजके असतात, पण रांगेला मर्यादा नसते. कामं वाढली की रांग मेमरी खात जाते आणि एक दिवस सर्व्हर आडवा होतो. मी स्वतः थ्रेडपूलएक्झिक्युटर थेट वापरून रांगेला आकडा देतो. बंद करताना आधी शटडाउन (नवी कामं घेणं बंद), मग ठरावीक वेळ अवेटटर्मिनेशन (चालू कामं संपायची वाट), आणि तरी काम उरलं तर शटडाउननाऊ. हे शेवटचं पाऊलही आतून इंटरप्टच पाठवतं, त्यामुळे तुमचा कॅच रिकामा असेल तर इथेही हात टेकावे लागतात.

व्हर्च्युअल थ्रेडबद्दल, म्हणजे जावा स्वतः सांभाळते त्या हलक्या थ्रेडबद्दल, विचाराल, म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पासून ते पक्के झाले. इतके हलके की लाखांनी करा. त्यांचा पूल करू नका. डेटाबेसची कनेक्शन मोजकी असतील तर त्यासाठी सेमाफोर (एकावेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा पहारेकरी) लावा. २१ मध्ये सिंक्रोनाइज्डच्या आत व्हर्च्युअल थ्रेड थांबून राहिला की खालचा खरा थ्रेडही अडकतो. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये ही अडचण जवळजवळ गेली. तुमच्या प्रोजेक्टला २१ असेल, तर जिथे बराच वेळ थांबावं लागतं तिथे सिंक्रोनाइज्डऐवजी रीएन्ट्रंटलॉक हे जावातलं दुसरं लॉक वापरा. आता प्रश्न घेऊ.