दोन दाखले

पाळकसाहेब, महिला मंडळाच्या ताई, आणि मागच्या बाकांवरची तरुण मंडळी. पुढं या म्हणून सांगणार नाही. चाळीस वर्षं सांगून पाहिलं, कुणी आलं नाही.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘अनपेक्षित दया आणि देवाची प्रीती’. मला ४५ मिनिटं दिली होती. गायनमंडळानं तीन गीतं सगळ्या कडव्यांसकट म्हटली, आता ३० उरलीत. तक्रार नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं होती, कडवं गाळलं असतं तर मीच ओरडलो असतो. तर आज दोन प्रवासांवर बोलायचंय, एक प्रेषित पौलाच्या गलबताचा आणि दुसरा टिळकांच्या आगगाडीचा. त्याआधी माझ्या स्कूटरचा. पाच मिनिटांचा आहे. आमच्या सौभाग्यवती आत्ताच हसायला लागल्यात, कारण ही पाच मिनिटं किती लांब असतात ते त्यांना ठाऊक आहे.

साल १९८६. श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावी मी प्राथमिक शिक्षक होतो. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, रस्त्याकडेला पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या उभ्या राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हिशेबात कोयता एक. पोरं हिशेबात नाहीतच. त्यातलाच एक आठेक वर्षांचा पोरगा एका सकाळी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. बगलेत कोरी पाटी. मी म्हटलं, “दाखला आण.” दाखला म्हणजे काय, हे त्याला कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी परत आला, दाराबाहेरच बसला आणि फळ्यावरचं उतरवायला लागला. मी पुन्हा विचारलं, “दाखला?” तिसऱ्या दिवशी तो आला नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःहून नियम पाळला होता. आणि त्याच रविवारी शब्बाथशाळेत मी पोरांना काय शिकवत होतो? वाटेत लुटलेल्या माणसाला परक्या जातीच्या माणसानं वाचवल्याची येशूची गोष्ट, चांगल्या शोमरोन्याचा दाखला.

हसा, हसा. मला यातलं हसू कळायला बरीच वर्षं लागली.

पुढच्या आठवड्यात, २४ डिसेंबरला, शाळा आटोपून मी नगरला घरी निघालो. आता गावाचं नाव बदललंय, पण जीभ जुनीच आहे, सांभाळून घ्या. मागं कॅरियरला केकचा खोका बांधलेला. रात्रीची उपासना गाठायची होती. राहुरी सोडली, अंधार पडला आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, पण ती दिवाळीपासूनच पंक्चर होती. काढू काढू म्हणत राहून गेलं होतं. याचा दोष मी सैतानाला देऊन पाहिला, आमच्या घरात तो मान्य झाला नाही.

थंडी अशी की बोटं वळेनात. स्कूटर ढकलत निघालो, तर पुढं कोप्यांचा तळ. एक बाई म्हणाली, “बसा की गुरुजी, शेका जरा.” मी गुरुजी हे तिला कसं कळलं? खिशाला लाल पेन होतं, त्यावरून असेल. तिच्या मालकाची टायरगाडी, म्हणजे रबरी टायरांची बैलगाडी, होती. टायरगाडी आली म्हणजे ठिगळं, सोल्युशन, पंप आलाच. त्या माणसाला पहाटे चारला फडात जायचं होतं. तरी तो उजेडाला सरकून बसला, माझी ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडा शोधायला लागला. बाईनं बाजरीची भाकरी आणि ठेचा हातावर ठेवला, बिनदुधाचा चहा दिला. पाचट कसं असतं, भसकन पेटतं आणि विझतं. म्हणून त्यांची एक पोरगी मूठमूठ पाचट टाकत शेकोटीपाशी बसून राहिली होती. डुलक्या घेत होती, पण मूठ चुकत नव्हती.

निघताना मी वीस रुपये पुढं केले. बाई म्हणाली, “ठेवा खिशात. वाटंवरच्या माणसाकडनं कुणी पैसं घेतं व्हय?”

खरं सांगतो, मला राग आला. कारण मी आहेराच्या वहीतला माणूस. माझ्या लग्नातली वही अजून कपाटात आहे, कुणी पातेलं दिलं, कुणी अकरा रुपये. त्यांच्या घरचं कार्य आलं की वही काढायची आणि तेवढंच परत करायचं, वर एक रुपया. आपल्या देवळांतसुद्धा पंख्यावर नाव, घड्याळावर नाव, बाकावर नाव. ज्या बाकावर तुम्ही बसलाय तो कुणाच्या स्मरणार्थ आहे ते उठल्यावर वाचा. या विषयावर मी तासभर बोलू शकतो...

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. आठ मिनिटं? बरं, मग झरझर.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, २७वा आणि २८वा अध्याय. पौल कैदी म्हणून रोमला चाललाय, वादळात गलबत फुटतं, आणि २७६ माणसं मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर, निथळत चढतात. पाऊस, गारठा. हे पुस्तक लिहिणारा लूक तिथल्या लोकांना ‘बर्बर’ म्हणतो. ज्यांना ग्रीक येत नाही ते बर्बर. आणि लगेच म्हणतो, त्यांनी आम्हाला नेहमीची नव्हे अशी माणुसकी दाखवली, शेकोटी पेटवली. या माणुसकीला मूळ ग्रीकमधला शब्द आहे ‘फिलान्थ्रोपिया’. तो लूकनं ग्रीक न येणाऱ्यांना लावला, हे लक्षात घ्या. आणि जगभर सुवार्ता सांगणारा पौल त्या शेकोटीपाशी काय करतो? काटक्या गोळा करतो. त्यातून साप निघून हाताला डसतो, ते सोडा, तो भाग तुम्हाला पाठ आहे. पुढं बेटावर तीन महिने काढले, आजारी माणसं बरी केली, पण तिथं पौलानं प्रवचन केल्याचं लूक एका शब्दानं लिहीत नाही.

टिळक. १८९३, नागपूरहून राजनांदगावला निघालेले. डब्यात एक गोरा सहप्रवासी. तेव्हा गोऱ्या माणसाकडून आपल्याला काय मिळायचं, वेगळं सांगायला नको. हा जागा देतो, कवितेवर गप्पा मारतो, उतरताना नवा करार हातात ठेवतो आणि म्हणतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ बिननावाचाच राहिला. त्याच्या नावाचा पंखा कुठंच नाही.

शोमरोन्याचा दाखला आपण नेहमी शोमरोनी होऊन ऐकतो. मी म्हणतो, एकदा तरी वाटेवर पडलेला होऊन ऐका. अर्धमेला आहे, वर कोण वाकलाय ते धड दिसत नाही, आणि ज्या जातीच्या हातचं पाणी घेतलं नसतं त्याच्या हातचं तेल जखमेवर ओतलं जातंय. तो दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, धर्मशाळेवाल्याला देतो आणि निघून जातो. परत करायला याच्याकडं नावही नाही, पत्ताही नाही. पौल रोमकरांना लिहितो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. पापी असतानाच! म्हणजे दाखला आणायच्या आधी. देवाची प्रीती असते असं मी वर्षानुवर्षं शिकवत होतो, पण ती घेताना कसं वाटतं, हे मला त्या पाचटापाशी कळलं. सुख नाही वाटत हो. चोरट्यासारखं वाटतं.

रूथचं पुस्तक राहिलं. शेतात कणसं वेचायला आलेल्या परक्या रूथसाठी शेतमालक बवाज कापणाऱ्यांना म्हणतो, तिच्यासाठी पेंढ्यांतली कणसं मुद्दाम खाली पाडा. मला वाटतं, दिलं असं तिला वाटू नये म्हणून. ते घरी वाचा, दुसरा अध्याय.

एक सांगायचं राहिलं. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. हिनं केकचा खोका सोडला आणि म्हणाली, एका बाजूनं चेपलाय. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तासभर तो खोका त्या पोरीच्या समोरच होता, कॅरियरला बांधलेला. आत काय आहे ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

झाली का वेळ? चहा घ्या, गार होतोय.