उजनीचं पाणी, ताटातला मासा

(दृश्य: पहाट. भिगवण. होडी काठाला लागते.)

उजाडायच्या आत भिगवणला, उजनी धरणाच्या काठाला, होड्या लागतात. जाळ्यातून चिलापी उतरते, ढिगानं. मधूनच एखादा कटला, रोहू. नशीब असलं तर मरळ. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाणारे खवय्ये याच माशासाठी इथं थांबतात.

उजनीचं पाणी भीमेचं. पण दौंडच्या वरच्या अंगाला तिला मुळा-मुठा मिळते, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पोटात घेऊन. उन्हाळ्यात पाणी आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, आणि शेवाळानं पाणी हिरवं दिसू लागतं.

मग मासा सोडायचा? छे. पारखून घ्यायचा.

कल्ले उचलून बघा, लाल हवेत. बोटानं दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पण ही पारख ताजेपणाची. माशाच्या अंगात काय मुरलंय, ते कल्ले सांगत नाहीत.

नीट शिजवलं की जंतू मरतात, कृमी मरतात. माशात मुरलेला पारा मात्र तसाच राहतो. तो मांसातच बसलेला असतो. हळद-मीठ लावून दहा पाण्यांनी धुवा, कातडं सोला, जात नाही. मोठा मासा लहान मासे खातो आणि त्यांच्यातला पाराही स्वतःत साठवतो. म्हणून शेवाळावर जगणाऱ्या चिलापीपेक्षा थोराड मरळीत तो जास्त असण्याची शक्यता. आणि आपण आजाऱ्याला ताकद यावी म्हणून नेमकी मरळच शोधून आणतो! गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्या ताटात तरी मासा लहान असावा आणि रोज नसावा.

काही कीटकनाशकं चरबीत साठतात. तिथं पोटाकडची चरबी आणि कातडं काढल्याचा उपयोग होतो.

(दृश्य: मासे साफ करणारे हात.)

पित्ताची पिशवी फुटली की मासा कडू होतो, म्हणून हे हात इतके जपून चालतात. काहीजण तेच पित्त औषध म्हणून कच्चं गिळतात. रोहू-कटल्याचं पित्त गिळून मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी पाहिले आहेत.

पाण्यावर उलटा तरंगणारा मासा फुकट मिळाला तरी उचलायचा नाही. आणि हिरव्या पाण्यातल्या माशाचं काळीज, आतडी घरी न्यायची नाहीत. तिथं साठणारं शेवाळाचं विष उकळूनही टिकतं. कापून घेतानाच सांगायचं, ‘मावशी, काळीज नको, आतलं सगळं काढा.’