अळवावरचं पाणी आणि घटपर्णीचा काठ

नमस्कार श्रोतेहो.

घरी अळूवडीचा बेत असेल, तर पानांना पीठ लावण्याआधी एक करून बघा. पानाच्या एका कोपऱ्यावर अंगठा चार-पाचदा जोरात घासा आणि मग पानावर पाणी सोडा. इतर ठिकाणी थेंब पाऱ्यासारखे पळतील. घासलेल्या जागी मात्र पाणी पसरून बसेल. अळूच्या पानावर बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा अगदी पातळ थर. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, त्याच्याखाली हवा अडकलेली असते, म्हणून तो पानाला धरत नाही. तुमच्या अंगठ्यानं ते मेण निघालं. कमळाच्या पानाचंही असंच आहे, आणि बार्टलॉट व नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 साली ते सविस्तर मांडलं. आपण मात्र ‘अळवावरचं पाणी’ पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय, म्हणजे बघणाऱ्यांनी ते नीट बघितलं होतं.

आज मला सांगायचंय ते याच्या अगदी उलट वागणाऱ्या वनस्पतीबद्दल. तिला पाणी झटकायचं नसतं, धरून ठेवायचं असतं.

तिचं नाव घटपर्णी. पानाच्या टोकाला लोंबणारा घट, वर झाकण, तळाशी पाचक रस. घटात पडलेल्या किड्यांमधून ती नत्र मिळवते, कारण ती वाढते त्या जमिनीत ते फार कमी असतं. भारतात तिची एकच जात नैसर्गिकपणे आढळते, मेघालयात. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली.

आता किडा आत पडतो कसा? बरीच वर्षं सगळं लक्ष घटाच्या आतल्या मेणचट भिंतीकडे होतं. 2004 साली होल्गर बोन आणि वाल्टर फेडर्ले या संशोधकांनी घटाच्या तोंडाभोवतीचा काठ तपासला. हा काठ गुळगुळीत वाटतो, पण त्यावर आतल्या बाजूला उतरणाऱ्या बारीक बारीक सऱ्या असतात. त्यावर मधुरस पाझरतो. पाऊस पडला किंवा हवेत दमटपणा वाढला की पाणी थेंबाथेंबानं न राहता सबंध काठावर पसरतं आणि त्याचा एकसंध पातळ थर तयार होतो.

मुंगीचा पाय जरा जवळून बघू. टोकाला दोन नख्या आणि त्यांच्या मध्ये एक मऊ गादी. गादीतून किंचित तेलकट द्रव सुटतो, त्याच्या जोरावर मुंगी काचेवरसुद्धा उलटी चालते. काठ कोरडा असेल तर ती तिथेही आरामात फिरते, रस पिते, परत जाते. पण काठ ओला झाला की गादी आणि पृष्ठभाग यांच्या मधे पाणी येतं. पाय टेकतच नाही. पावसाळ्यात एक्स्प्रेस वेवर भरधाव गाडीचं चाक पाण्यावर चढतं आणि ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहते, तसंच हे. नख्या रोवाव्यात तर बाहेरच्या दिशेनं धरायला काही नसतं.

म्हणजे हा सापळा कोरडा असताना निकामी असतो. कडक उन्हाच्या दुपारी तर कितीतरी तास. उलरिके बाउअर या संशोधिकेला नेमकं हेच खटकलं. काठ सतत ओला ठेवणं वनस्पतीच्या फायद्याचं नाही का? तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी बोर्निओ बेटावर काही घटांचे काठ मुद्दाम सतत ओले ठेवून पाहिले. 2015 साली निष्कर्ष छापून आला आणि मला तो फार सुंदर वाटतो. सतत ओल्या घटांना मुंग्यांची टोळीच्या टोळी मिळेना. कारण अन्न शोधायला आधी एकटी-दुकटी मुंगी येते. ती तिथेच पडली तर घरी निरोप कोण नेणार? कोरड्या काठावरून ती सुखरूप परतते, वारुळातल्या बहिणींना वाट दाखवते, आणि मग हवा दमट झाली की रांगच्या रांग घसरते. सापळा अधूनमधून बंद असतो म्हणूनच तो भरतो.

चष्म्याच्या काचेवरचं कोटिंग, सोलर पॅनेलवरचे थर, अशा पातळ थरांवर काम करणाऱ्यांनी या काठाची कल्पना उचलली. 2011 साली हार्वर्डमध्ये जोआना आयझेनबर्ग यांच्या गटानं सच्छिद्र टेफ्लॉनमध्ये वंगण मुरवलं. वंगण छिद्रांत धरून राहतं आणि वर त्याचाच सलग थर बनतो. त्यावर पाणी टिकत नाही, तेल टिकत नाही, रक्तही टिकत नाही. ओरखडा पडला तर वंगण तिथे आपोआप वाहत येतं आणि जागा भरून निघते. अळूचं पान हे करू शकत नाही, तुमच्या अंगठ्यानं ते मघाशीच दाखवलंय. एकदा मेण गेलं की त्या जागी थेंब चिकटतोच. घन थराला जे जमत नाही ते द्रव थराला जमतं, ही सगळी किमया त्या ओल्या काठाची.

आपल्याकडेही काम झालंय. तिरुअनंतपुरमजवळच्या पालोड इथल्या वनस्पती उद्यानातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की अतिनील प्रकाशात मेघालयातल्या या घटपर्णीचा काठ निळा चमकतो. ती चमक झाकली तर घटात पडणारे किडे खूप कमी होतात.

हे सगळं सांगताना मन एका गोष्टीपाशी अडतं. या वनस्पतीवरून शिकलेले पृष्ठभाग प्रयोगशाळांत तयार होत राहतील, पण ती स्वतः संकटात आहे. कोळशाच्या खाणी, तुटणारं जंगल, आणि शोभेसाठी उपटून नेणारे हात. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापार कराराच्या सर्वात कडक यादीतली बंदी आहे, तरीही. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा गावाजवळ तिच्यासाठी राखलेलं एक छोटं अभयारण्य आहे. पावसाची सर ओसरून ऊन पडलं की तिथल्या घटांचे काठ वाळत असतील, आणि एखादी मुंगी एकटीच वर चढत असेल.

नमस्कार.