उकिडवं बसता येणारा पाय

हा कृत्रिम पाय नीट बघा, ‘जयपूर फूट’. सावळ्या रबराचा, पाच बोटांचा. बूट नाही, मोजा नाही. असाच चिखलात उतरतो.

साठच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाय गमावलेल्यांना जो पाय मिळे, तो परदेशी धाटणीचा होता. घोट्यात ताठ, आणि वर बूट हवाच. त्यावर उकिडवं बसता येईना, मग निंदणी-खुरपणी कशी करायची? मांडी घालता येईना. बूट घालून देवळात तरी कोण जाणार? माणसं तो पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्या धरत.

मास्टरजी रामचंद्र शर्मा याच रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवत. शाळा फारशी झालेली नव्हती, हात मात्र जातिवंत कारागिराचा. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना शरीराची जाण, मास्टरजींना सामानाची. टायर रिमोल्ड करणाऱ्या एका दुकानदाराची मदत घेऊन 1968 मध्ये त्यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. टाचेला आणि चवड्याला स्पंजचं रबर, घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा, वरून टायरच्या दोऱ्यांचं आणि रबराचं आवरण. सगळं साच्यात घालून तापवायचं. हा पाय सगळ्या बाजूंनी वळतो, म्हणून शेताच्या ढेकळांवरही तोल राहतो.

1981 मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानानं मागेच राहिलं, याची आम्हाला आजही खंत वाटते.

पण पहिली काही वर्षं हा पाय मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचला. अपघातात स्वतःचा पाय जाता जाता वाचलेले देवेंद्र राज मेहता यांनी 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली. इथे पाय मोफत मिळतो. दुरून आलेल्याची आणि सोबत्याची राहण्या-जेवणाचीही सोय होते, कारण गरिबाला वारंवार फेऱ्या आणि बुडालेली मजुरी परवडत नाही. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत समितीनं शिबिरं घेतली आहेत.

आता कार्यशाळेत या. उरलेल्या पायाचं माप प्लास्टरनं घेतलंय. भट्टीत मऊ झालेला प्लास्टिकचा पाइप त्या साच्यावर चढतोय. शेतात पाणी नेणाऱ्या पाइपाच्याच जातीचा. थंड झाला की खाली रबरी पाऊल, वर पट्टे.

मग दोन दांड्यांच्या मधून चालणं. आधी दोन्ही हात धरून. मग एक. मग तंत्रज्ञ म्हणतो, ‘‘आता खाली बसा.’’